एकाआड एक

९ सप्टेंबर

चिंगी,

तुझं पत्र मिळालं आणि त्यातला फोटोही. पन्नाशी गाठलीस तरी फोटो काढताना तोंड मिटायचं तुला अजून जमत नाही. तुझ्यामागचं झाड मात्र मी भिंग लावून पाहिलं. खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत सफरचंदं, आणि फांद्यांना खालून टेकू दिलेले. टेकू! आमच्याकडे टेकू द्यावा असं ओझं गेल्या तीन हंगामांत एकाही फांदीला झालेलं नाही.

चांगलं झालं. आनंद आहे. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं, कारण आनंद आहेच. पण त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलंय आणि ते अंगाने आनंदापेक्षा मोठं आहे. तुझ्यापासून काय लपवायचं?

आपल्या दोघींच्या बागा एकाच वर्षी लागल्या. एकाच रोपवाटिकेतली कलमं, एकाच माणसाच्या हातची. तुझ्या भावाने आधी तुझ्याकडे येऊन तुझी बाग लावली, मग घरी येऊन आपली. पहिली काही वर्षं आमचीच पुढे होती, तुलाही आठवत असेल. या वर्षी व्यापाऱ्याने आमचं फळ हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, "काकू, हे पोरांना गोट्या खेळायला द्या." मी म्हटलं, "तुमच्या डोक्यात घालायला पुरेल एवढं नक्की आहे." हसला, पण माल रसाच्या गाडीतच टाकला.

चिरंजीव म्हणतात, पुरे झालं आता. ते ज्या टायरवाल्यांकडे नोकरी करतात त्यांना गावाबाहेर गोदाम हवंय, आणि आपली जमीन रस्त्याला लागून आहे. झाडं उपटायची, वर सिमेंट ओतायचं. नव्या वर्षापर्यंत मला विचार करायला वेळ दिलाय. "आई, बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. झाडं म्हणजे बाबा नव्हेत," म्हणाला. नव्हेतच. पण सकाळी उठल्यावर माणसाला कुठेतरी जायचं असावं लागतं, आणि मी तिथे जाते.

काल दोरी घेऊन मोजलं. आमची झाडं नऊ-नऊ फुटांवर आहेत. तुझी किती?

— वहिनी


२१ सप्टेंबर

वहिनी,

अठरा. मास्तरांनी मोजलं, मी दोरीचं दुसरं टोक धरलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना काही मोजायला दिलं की बरं वाटतं.

तुझं पत्र वाचून मी त्यांना म्हटलं, "वहिनीच्या पोटात दुखतंय." तर म्हणाले, "तुझं दहा वर्षं दुखलं, आता तिची पाळी." असा हा माणूस, आणि मी याच्यासोबत राहते.

पण खरंच दुखलं गं. तुला कधी बोलले नाही. दादा इथली बाग लावून गेला तेव्हा मी मागच्या पायरीवर उभी राहून बघत होते आणि मला रडू फुटलं. एवढं मोठं शेत, आणि त्यात एक काटकी इथे, एक काटकी तिथे. शेजारीण म्हणाली, "भावाने हात आखडताच घेतला वाटतं." पुढे तुझ्याकडे आले, तर तुझी बाग कशी गच्च! माझ्यापेक्षा किती तरी जास्त झाडं. मी मोजली नसतील असं समजू नकोस. बायकोला भरून, बहिणीला पुरवून. चौथ्या वर्षी तुझ्या पेट्या दारात रचलेल्या, आणि माझी झाडं अजून हातपाय पसरत बसलेली. त्या वर्षी तू पाठवलेली सफरचंदं मी शेजारणीला देऊन टाकली, एकसुद्धा खाल्लं नाही.

म्हणून आता जरा मिरवतेय, तर मिरवू दे.

तुझ्या बागेला काय झालंय ते इथे बसून सांगते. दाटी. मागे आले होते तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, डोक्यावर ऊन म्हणून पडलं नाही. अर्धी झाडं काढून टाक. एकाआड एक. उरलेली सुधारतील. भाच्याला सांग, आत्या म्हणते थोडा थांब.

— चिंगी


३ ऑक्टोबर

चिंगी,

"अर्धी झाडं काढून टाक." फाटकी चादर टाकून द्यावी तसं लिहितेस.

दाटी मला दिसत नाही असं वाटलं का तुला? वाचनालयातून बागांवरचं एक जाडजूड पुस्तक आणून मी ते पुरतं वाचलंय. झाडांचे घेर एकमेकांना भिडले की सगळी उजेडासाठी वर पळतात. खालच्या फांद्या उपाशी मरतात, फळ शेंड्याला धरतं, तेही बारीक आणि फिकट. पुस्तक मिटून मी बागेत गेले तर शब्दन् शब्द समोर उभा. खालच्या फांद्या वाळून काठ्या झाल्यात. आत दुपारीही ओल असते, खोडांवर शेवाळ चढलंय.

पण ते पुस्तक लिहिणाऱ्याने ही झाडं लावलेली नाहीत. एकेक कलम मी सरळ धरून उभी असायचे आणि हे माती लोटायचे. "हलू नकोस, तुझ्यामुळे वाकडं येईल," म्हणायचे. दोन वाकडी आलीत, ती माझ्यामुळे. आता यातलं कुठलं मारायचं ते पुस्तकाने मला सांगायचं?

आणि एक टोचणी आहे ती आहेच. बहिणीकडे अठरा फूट, मोजून, विचार करून. घरी आल्यावर नऊ. म्हणजे तुझ्याकडे डोकं वापरलं आणि माझ्याकडे नुसती हौस? की तुझ्याकडे माया जास्त होती? मला काही ठरवता येत नाही, आणि ज्याला विचारायचं तो माणूस नाही.

चिरंजीवांना तुझा निरोप दिला. म्हणाला, "आत्याला यातलं काय कळतं? बाबा म्हणाले असते तर गोष्ट वेगळी होती."

मलाही तसंच वाटतं.

— वहिनी


२० ऑक्टोबर

वहिनी,

हे आधीच लिहायला हवं होतं. दादाने मला सांगितलं होतं.

जाण्याच्या आदल्या वर्षी, पानं गळायला लागली होती तेव्हा, तो एकटाच इथे आला होता ना, तेव्हाची गोष्ट. मागच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "चिंगे, आमची झाडं मी मुद्दाम दाट लावलीत. सुरुवातीची वर्षं फळ जास्त मिळतं. दहाव्या वर्षी एकाआड एक काढायची. तुझ्या वहिनीला इतक्यात बोलू नकोस, जिवाला लावून घेईल."

हे दहावं वर्ष आहे. भाच्यालाही हे पत्र वाचून दाखव.

— चिंगी


४ डिसेंबर

चिंगी,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहायचं होतं ते कागदावर बरं दिसलं नसतं.

तुला सांगितलं. मी त्या माणसाच्या समोर रोज चहाचा कप ठेवत होते. बोलायला तोंड होतं त्यांना. छत कुठे गळतंय ते मला सांगायचे, दाढ दुखते ते मला, डॉक्टर खरं काय म्हणाले तेही मलाच. आणि झाडांचं तुला?

माणूस गेल्यावर मी मनाशी एक हिशेब धरून चालले होते, की त्यांचं जे काही उरलंय ते सगळं माझ्याजवळ आहे. थोडं असेल, पण सगळं आहे. आता कळतंय की त्यातला एक तुकडा तुझ्या मागच्या पायरीवर पडला होता, आणि तू दोन वर्षं त्यावर बसून होतीस.

आता सगळं लिही. अंगात काय होतं? आवाज कसा होता? त्याआधी काय बोलणं चाललं होतं? चहा दिलास की नाही? "जिवाला लावून घेईल" हे हसून म्हणाले का? आणि झाडं कधी काढायची, कुठली ठेवायची, तेही.

चिरंजीवांना पत्र वाचून दाखवलं. म्हणाला, "बाबांचंच तसं ठरलं होतं तर करून बघू. गोदामाचं मी एक हंगाम लांबवतो." आणि बाहेर जाऊन स्वच्छ असलेली गाडी पुसत बसला.

तुला वाटेल, बाग तूर्त वाचली म्हणून वहिनी खुशीत असेल. खूश आहे. पण आनंदाशेजारी जे येऊन बसलं होतं ना, ते आता घरभर झालंय. रात्रीच्या भांड्यांतही मला तुझी पायरी दिसते.

— वहिनी


१३ डिसेंबर

वहिनी,

रागावू नकोस गं.

अंगात तपकिरी स्वेटर होता, कोपराला ठिगळ लावलेला. चहा दिला, अर्धा तसाच ठेवला, नेहमीसारखा. आधी आम्ही मास्तरांच्या टकलावर बोलत होतो. बोलताना हसत होता, पण तुझं नाव काढलं तेव्हा हसला नाही.

झाडं थंडीत काढायची, सगळी पानं गळून झाड निजलं की. एका ओळीतलं पहिलं, तिसरं, पाचवं जाईल, पुढच्या ओळीतलं दुसरं, चौथं. बुद्धिबळाच्या पटावर पांढरी घरं ठेवून काळी पुसावी तसं. म्हणजे उरलेल्या प्रत्येकाला चारी अंगांनी मोकळं होईल. एवढंच म्हणाला. जास्त बोलायचा कुठे तो?

आणखी काही विचारू नकोस. मला आठवत नाही.

— चिंगी


२२ जानेवारी

चिंगी,

झालं.

आरेवाला मशीनची करवत घेऊन आला. खडूने खुणा मीच केल्या. तो बागेत फिरून आला आणि म्हणाला, "काकू, या वर्षी नुसत्या फांद्या उतरवू का? बुंधे पुढच्या थंडीत काढू." मी म्हटलं, "नाही. मालकांनी काढायची म्हणून सांगितलंय, थोडी थोडी काढा असं नाही सांगितलं. एकदम होऊ दे. मला दोनदा बघायचं नाही." त्याने विचारलं, "मालक सांगून गेले होते?" म्हटलं, "हो. त्यांच्या बहिणीला." त्याने मशीन चालू केलं.

दोन वाकड्यांपैकी एक खुणेत आलं, एक वाचलं. मी खूण इकडची तिकडे केली नाही. शेवटचं झाड पडलं तेव्हा चिरंजीव माझ्यामागे येऊन उभा राहिला. खांद्यावर हात ठेवावा की नाही, हे त्याचं बराच वेळ ठरत नव्हतं. मग त्याने माझ्या हातातला खडू घेतला आणि आपल्या खिशात टाकला.

संध्याकाळी बागेत गेले. जमीन दिसली, चिंगी. किती वर्षांत मी ती जमीन पाहिली नव्हती. उरलेल्या झाडांच्या सावल्या तिच्यावर पडल्या होत्या, एकेकाची वेगळी. मला ते सुंदर दिसलं, आणि त्याचाही राग आला.

मी हे त्यांच्या शब्दासाठी केलं. तुझ्या शब्दासाठी केलं असतं असं मनात आणू नकोस.

— वहिनी


५ फेब्रुवारी

वहिनी,

एकदम सगळी? बरं. झालं ते झालं. थंडी आहे, जप. झाडांनाही जप.

मास्तर विचारतात, वहिनी काय लिहिते? मी म्हणते, बरी आहे, बाकी विशेष काही नाही.

— चिंगी


११ जुलै

चिंगी,

तुझं फेब्रुवारीचं पत्र चिठ्ठीएवढंच होतं. तुझ्याकडून चिठ्ठी यावी असं काय झालंय ते मला माहीत नाही. असो, मीच लिहिते.

ज्या फांद्या मेल्या म्हणून मी आशा सोडली होती, त्यातल्या काहींना बुंध्याजवळ पालवी आली आहे. फळं एकूण कमी आहेत, झाडंच अर्धी. पण आताच मुठीएवढी झालीत. इथपर्यंत सगळं चांगलं.

आता दुसरं ऐक. दुपारचं ऊन ज्या बाजूने येतं त्या बाजूच्या खोडांची साल भाजली आहे. आधी तांबूस चट्टा पडतो, मग उभी चीर जाते. वरच्या फळांना चटका बसून डाग पडलेत. जन्मभर सावलीत वाढलेली झाडं मी एका दिवसात उघड्यावर आणली. चार-पाच जातील असं वाटतं. मी जुनी पोती गुंडाळली आहेत, दवाखान्यातल्या रांगेसारखी दिसते बाग.

चिरंजीव म्हणाला, "बाबांनी एवढं सांगितलं, आणि हे कसं नाही सांगितलं?" टायरवाल्यांनी त्याला पुन्हा विचारलंय. सप्टेंबरात माल बघून सांगतो म्हणालाय.

नीट आठवून बघ. उन्हाचं काही म्हणाले होते का? एखादा शब्द तरी?

— वहिनी


२४ जुलै

वहिनी,

पोती काढ. ओल धरतील. खोडांना चुन्याचं पातळ पाणी लाव, लगेच लाव, उन्हाच्या बाजूने दोन हात दे. पांढऱ्या सालीवर ऊन ठरत नाही. ज्यांना डाग पडलेत ती फळं आत्ताच तोडून टाक, बाकीच्यांना जोर मिळेल. मी घाईत आहे, मास्तर पोस्टात निघालेत.

— चिंगी

वहिनी, नमस्कार. पाकीट उघडं होतं म्हणून दोन ओळी लिहितो. तुम्ही बाग विरळ केलीत हे मला आज कळतंय. ही मला काही सांगत नाही. फार चांगलं केलंत. गेल्या ऑक्टोबरात तुमचं पत्र आलं आणि ही तडक रोपवाटिकेच्या बाईंकडे गेली, दोन बस बदलून. मीही सोबत होतो. बाईंनी अगदी पद्धतशीर सांगितलं: एकाआड एक काढा, पण एकदम नको, पहिल्या वर्षी छाटून बारीक करा आणि दुसऱ्या थंडीत काढा, उघड्या पडणाऱ्या खोडांना आधी चुना द्या. हिने तिथल्या तिथे पाठ केलं, बसमध्ये मला म्हणून दाखवलं. तुम्हाला ते सगळं कळवलं असेलच. चिरंजीवांना आशीर्वाद.


१ ऑगस्ट

चिंगी,

चुना लावला.

मास्तरांच्या ओळी वाचल्या. पाकीट चिकटवून देण्याची सवय लाव.

आता खरं लिही. स्वेटरसकट.

— वहिनी


१० ऑगस्ट

वहिनी,

स्वेटर खरा आहे. तो आला होता हे खरं, पायरीवर बसला हे खरं, अर्धा चहा खरा आणि मास्तरांचं टक्कल तर आहेच. झाडांबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

तो काय बोलला तेही सांगते, म्हणजे तुझं समाधान होईल. तुझंच. वहिनी वाचनालयातून काय काय आणते, वाचता वाचता दूध कसं उतू घालवते, मग त्याला पुस्तकातली गोष्ट सांगून दुधाचं विसरायला कशी लावते. दिवसभर हेच. मी त्याची एकुलती बहीण, इतक्या दिवसांनी भेटलेली, आणि मी तुझ्या उतू गेलेल्या दुधाच्या गोष्टी ऐकत बसले. एकदा म्हटलंही, "दादा, मलाही काहीतरी विचार की." तर म्हणाला, "तुझं काय, तू मजेत असतेस."

तू लिहिलंस की पुस्तक म्हणतं म्हणून झाडं तोडणार नाही. भाचा म्हणाला की बाबा म्हणाले असते तर वेगळं. दुसरं कोणाचं तुम्ही दोघं ऐकणार नव्हता, आणि जागेवर गोदाम उभं राहणार होतं. म्हणून मी दादाला म्हणायला लावलं.

रोपवाटिकेच्या बाईंनी पुष्कळ सांगितलं होतं, मास्तर म्हणतात ते बरोबर आहे. पत्र लिहायला बसले आणि एकेक वाक्य दादाच्या तोंडात घालून बघितलं. "एकाआड एक काढायची" हे त्याच्या तोंडात बसलं. "पहिल्या वर्षी छाटा, दुसऱ्या वर्षी काढा" बसेना. चुना तर मुळीच बसेना. इतकं बारीकसारीक दादा कधी बोलला होता? चार वाक्यं झाली की उठायचा तो. तू लगेच ओळखलं असतंस. म्हणून मी ते गाळलं. खोटं खरं वाटावं म्हणून त्यातलं जे कामाचं होतं तेच काढून टाकलं, आणि तुझ्या झाडांची साल भाजली. जानेवारीत तुझं पत्र वाचलं तेव्हाच पुढे काय होणार ते मला कळलं होतं. तेव्हा चुना कळवला असता तरी चाललं असतं. पण मग तू विचारलं असतंस, हे कोण म्हणालं.

आणखी एक. माझे अठरा फूट दादाचे नाहीत. त्याने इथेही नऊच आखले होते, काठ्यासुद्धा रोवल्या होत्या. माझे सासरे ट्रक चालवायचे ते तुला माहीत आहे. ते बाहेर आले, मधल्या काठ्या उपटल्या आणि म्हणाले, "दोन ओळींमधून माझा ट्रक वळला पाहिजे." दादा दोरी गुंडाळत म्हणाला, "मग ट्रकच लावा ओळीत." पण हरला. तू गेल्या वर्षी "माया जास्त होती का" असं लिहिलंस, तेव्हा हे सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तुला तसं वाटतंय हे मला आवडलं.

आणि खोटं लिहिताना काय झालं माहीत आहे? "वहिनीला बोलू नकोस" हे वाक्य लिहिलं आणि मला इतकं छान वाटलं की तिथेच थांबून पुन्हा वाचलं. एक तरी गोष्ट त्याने तुझ्याआधी मला सांगितलेली असावी, एवढंच. बाकी तुला जे म्हणायचंय ते म्हण.

— चिंगी


२८ सप्टेंबर

चिंगी,

तुझं पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात बसले, आणि तुला काय काय म्हणायचं ते मनात रचायला घेतलं. पुष्कळ रचलं. गेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालणारी तू कोण, इथून सुरुवात होती. तीन झाडं अखेर गेलीच, त्यातलं एक ते उरलेलं वाकडं. त्याच्यासाठी एक वेगळं वाक्य होतं, ते फार वाईट होतं.

पण ते लिहायला हात उचलेना, कारण मध्येच मला हसू यायला लागलं. त्यांनी तुला सांगितलं नव्हतं! गेलं जवळजवळ वर्षभर मी कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, ज्या पायरीला शिव्या देत होते, त्या पायरीवर काही घडलंच नव्हतं. अर्धी बाग गेली, साल भाजली, नणंदेने तोंडावर खोटं लिहिलं, आणि मला ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी बरं वाटायचं थांबलं नाही.

मग तुझा ट्रक. किती तरी वेळ मी हसत होते. म्हणजे दोन्हीकडे नऊच. म्हणजे तुझ्या भावाला झाडांतल्या अंतराचं काही कळत नव्हतं, चिंगी! इतकी वर्षं मी त्यांना बागेतलं सगळं कळतं असं समजून चालले. हे बरं झालं की वाईट, अजून ठरत नाही. पण ते न कळणारे आता जास्त ओळखीचे वाटतात.

आणि दुधाचं लिहिलंस. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तो कागद फाडून वेगळा ठेवलाय, बाकीचं पत्र चुलीत घातलं.

आता कामाचं. परवा माल उतरला. पेट्या गेल्या वर्षीपेक्षा कमी, पण ज्याने गोट्या म्हटलं होतं तो व्यापारी आला, एक फळ उचललं, दुसरं उचललं, आणि दोन्ही जपून पेटीत परत ठेवली. मी म्हटलं, "काय, पोरांना द्यायची का?" म्हणाला, "काकू, जुनं काढू नका." चांगला माल कागदात गुंडाळून वरच्या थरात लावला. रसाच्या गाडीत फक्त डागी फळं गेली. खालच्या फांद्यांवर पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे धरलेत, मी हात लावून पाहिले.

चिरंजीवांनी टायरवाल्यांना नाही म्हणून कळवलं. आणि आता जो येईल त्याला बागेत नेऊन दाखवतो. "बाबांचं आधीच ठरलं होतं. दहाव्या वर्षी एकाआड एक. आत्याला सांगून ठेवलं होतं." व्यापाऱ्यालाही सांगितलं, आरेवाल्यालाही. असं बोलताना त्याची मान अगदी यांच्यासारखी होते. त्यामुळे ते खोटं आता मागे घेता येणार नाही. तूही घ्यायचं नाहीस, मास्तरांनाही ताकीद दे, आणि पाकीट चिकटवत जा.

पण एक बदल मी केलाय. तुला कळवून ठेवते, म्हणजे तो तिकडे आला तर तुझ्या तोंडून वेगळं निघायला नको. काल जेवताना तो पुन्हा तेच सांगायला लागला, आत्याला सांगून ठेवलं होतं, आत्याला सांगून ठेवलं होतं. मी ताटावरून मान वर केली आणि म्हटलं, "आत्याला नंतर. आधी मला सांगितलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही, कारण मला तोडायची नव्हती." तो म्हणाला, "वाटलंच मला. बाबा तुला सांगितल्याशिवाय कसे राहतील?"

तेव्हा आता असं ठरलं. मला आधी सांगितलं. इथे, स्वयंपाकघरात. यात तू एक शब्दही बदलायचा नाहीस.

तुला नंतर सांगितलं, तुझ्या पायरीवर. पण सांगितलं, हे मी कुणापुढेही, कधीही, छातीवर हात ठेवून म्हणेन.

— वहिनी